सहा मीटरवरच्या इंदूताई

इंदूताई माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत, असं लिहिलं तर ते कौतुक वाटेल. पण त्या खरोखरच डोळ्यांत बघत आणि बाकीच्या माणसाकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगा कुठला, काय करतो, सगळं त्यांनी विचारलं, आणि मी सांगत असताना मध्येच म्हणाल्या, "दिलीपराव, ही डावी पापणी किती दिवसांपासून फडफडतेय?" लग्नाचा विषय तिथेच संपला. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

पंचवटीत कारंज्याच्या मागच्या गल्लीत आमच्या घरासमोर डोळ्यांचा दवाखाना होता आणि इंदूताई त्या दवाखान्यात होत्या. डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. त्यांच्या हुद्द्याला काय म्हणायचं हे त्यांनाही नक्की माहीत नसावं. पेशंट आला की त्याला खुर्चीत बसवायचं, तक्ता वाचून घ्यायचा, फॉर्म भरायचा आणि मग आत डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढं त्यांचं काम. हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. आमच्या गल्लीतल्या आणि भाजीबाजारातल्या कितीतरी माणसांची नजर इंदूताईंनी मागे लागून, भांडून, प्रसंगी लाज काढून वाचवली. त्यांची स्वतःची नजर जायला लागली तेव्हा मात्र ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही आणि माझ्याही नाही. माझ्या तर यायला हवं होतं, पण ते पुढे सांगतो.

आधी तो दवाखाना. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो हे मला इंदूताईंमुळे कळलं. दवाखान्याची खोली होती जेमतेम तीन मीटरची. म्हणून दवाखाना ज्यांचा होता त्या मोठ्या डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवर एक आरसा लावला होता आणि तक्ता पेशंटच्या डोक्यामागे. तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली, ती आरशात सुलटी दिसायची. "तीन जायचे, तीन यायचे, झाले सहा," असं इंदूताई प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगत. ऐकत कोणी नसे, कारण आरसा समोर आला की माणूस आधी स्वतःकडे बघतो. बायका पदर सारखा करत. पुरुष उरलेल्या केसांवरून हात फिरवत. भाजीबाजारातला एक दांडगा माणूस तर दोन मिनिटं मिशीच नीट करत बसला होता. इंदूताई त्याच्या मागे छडी घेऊन उभ्या. शेवटी म्हणाल्या, "झालं असेल तर मिशीच्या वर बघा. तिथे अक्षरं आहेत."

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली दुसरा तक्ता होता. त्यावर तीन दांड्यांची एकच खूण, कुठे वर तोंड करून, कुठे खाली, कुठे आडवी. इंदूताई छडी ठेवत आणि पेशंटनं आपली तीन बोटं त्या दिशेला धरायची. रस्त्यात कोणी ओळखीची भाजीवाली भेटली की इंदूताई लांबूनच तीन बोटं वर करत. ती हसून तीन बोटं वर करी. पंचवटीत लोक भेटल्यावर रामराम म्हणतात, इंदूताईंची माणसं तीन बोटं दाखवत. नवख्या माणसाला हा कुठलातरी पंथ वाटायचा.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो आमच्या गॅलरीत बसून. सकाळी पेपर वाचत होतो. इंदूताई दवाखाना उघडायला आल्या, रस्त्यावर थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "दिलीपराव, हात संपले का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पेपर आणखी लांब धरायचा असेल तर समोरच्या घरात नेऊन द्या. तिथून नीट दिसेल."

बायको आतून हसली. आता जाणं भाग होतं. मी गेलो चष्म्याला. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि उठायला लागलो, तर खांद्यावर छडी आली. "बसा. तक्ता वाचला म्हणजे डोळे तपासले असं नसतं. तक्ता फक्त पुढचं सांगतो. डोळ्यांच्या मागे काय चाललंय ते डॉक्टर बघतील." मग डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास डोळे मिटून बसवलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाले, "साखर कधी तपासली होती?"

मी म्हणालो, "डॉक्टर, मी चष्म्यासाठी आलोय."

"चष्मा देतो. साखर तपासून या."

डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर त्यांना रक्ताचे बारीक ठिपके दिसले होते. साखर निघाली, आणि चांगली मुरलेली निघाली. मला काहीसुद्धा होत नव्हतं. ना तहान, ना थकवा. अंबडच्या कारखान्यात आठ तास उभा राहत होतो. शरीरानं जे मला सांगितलं नव्हतं ते डोळ्यानं डॉक्टरांना सांगितलं, याचा मला तेव्हा थोडा रागच आला. त्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, समोरचं सगळं जग पांढरं आणि पसरट. घरी येताना साडीच्या दुकानाबाहेरच्या पुतळीला मी "वहिनी, बाजारात का?" असं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून मनाला लागलंही. ही हकीकत दुकानदारानं पाहिली आणि इंदूताईंपर्यंत पोचवली. पुढे अनेक वर्षं, "वहिनी बऱ्या आहेत का?" असं त्या मला विचारत.

मी कारखान्यात क्वालिटीमध्ये होतो. आमच्याकडे प्रत्येक मापयंत्रावर एक स्टिकर असतं, कधी तपासलं आणि पुढची तारीख कोणती. तारीख उलटली की ते यंत्र वापरायचं नाही, भले ते चांगलं दिसत का असेना. हे मी एकदा बोलता बोलता सांगितलं तर इंदूताई खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या. "म्हणजे लोखंडाला तारीख असते आणि माणसाला नाही?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातलं कॅलेंडर खाली उतरवलं आणि लाल पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांची ती प्रसिद्ध पद्धत तिथून सुरू झाली. वर्षातून एकदा या असं सांगितलं की लोक वर्ष विसरतात, पण सण कोणी विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येकाला एक सण नेमून दिला आणि त्याचा दुसरा दिवस डोळ्यांचा. मला रथसप्तमी मिळाली. माझ्या बायकोला वटपौर्णिमा, कारण आदल्या दिवशीचा उपास असतो आणि ती भांडायच्या परिस्थितीत नसते. गल्लीतल्या पोरांना शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. एका बँकेतल्या गृहस्थांनी, आम्ही सणबिण मानत नाही, असं सांगून पाहिलं. त्यांना त्यांच्या सासूचा वाढदिवस दिला गेला. ते निमूटपणे येत.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे अनंतगुरुजी. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या माणसानंही आचमन करावं. आमच्या शेजारी सत्यनारायण होता, गुरुजी पाटावर, हातात पोथी, कथा रंगात आलेली. इंदूताई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. कथा संपली, आरती झाली, प्रसाद वाटून झाला. मग त्या पुढे गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, पोथी उलटी होती."

गुरुजींनी पोथी कापडात गुंडाळली. मग म्हणाले, "पाठ आहे मला."

"पोथी पाठ आहे. घाटाच्या पायऱ्या पाठ आहेत का?"

"पन्नास वर्षं उतरतोय."

"पायऱ्या पाठ असतील. पण पायरीवर कोणी चप्पल काढून ठेवली तर ती पाठ नसते."

गुरुजी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी कोणाच्यातरी चपलेवर पाय पडून घसरले, नशिबानं पाण्यातच बसले, आणि ओल्या धोतरानं तडक दवाखान्यात आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी जाऊन त्यांनी छताकडे बघितलं आणि गुरुजीणबाईंना विचारलं, "ही जळमटं कधीपासून आहेत?" गुरुजीणबाईंनी नंतर इंदूताईंना गाठून सांगितलं, की तुमचे उपकार आहेत, पण आमचं घर पूर्वी जास्त सुखात होतं.

आणि वत्सलाबाई. मखमलाबादच्या बाजूला त्यांची थोडी जमीन, भाजी आणि फुलं. रोज सकाळी टोपल्या घेऊन पंचवटीच्या बाजारात बसायच्या. त्यांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. कडेनं जायला सुरुवात होते, दुखत नाही, खुपत नाही, समोरचं छान दिसत राहतं, आणि माणसाला वाटतं आपलं उत्तम चाललंय. हे सगळं इंदूताई इतक्या वेळा सांगत की गल्लीतल्या मुलांनाही पाठ झालं होतं. उरलेली नजर राखायची तर रोज थेंब घालायचे, जन्मभर. वत्सलाबाईंनी दोन महिने घातले आणि सोडून दिले.

"डोळा तर दुखत नाय," त्या म्हणाल्या. "मग औषध कशाला?"

इंदूताईंनी वाद घातला नाही. त्या रोज सकाळी सात वाजता बाजारात जाऊन वत्सलाबाईंच्या टोपलीसमोर उभ्या राहायला लागल्या. भाजीला हात लावायच्या नाहीत. "थेंब घातले?" नाही म्हटलं की तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, वत्सलाबाईंची मान मागे करून थेंब घालायच्या आणि मिटल्या डोळ्यांनी पाच मिनिटं बसवून ठेवायच्या. तोवर विक्री बंद. मागचे लोक कुरकुरले तर त्यांच्याकडे वळून, "तुमचा सण कोणता?" असं विचारायच्या, की गर्दी आपोआप पांगायची. दहा-बारा दिवसांत वत्सलाबाई शरण आल्या. "घालते मी रोज, पण तुम्ही येऊ नका बाई, माझी मेथी सुकती." त्यांना दसरा नेमून दिला होता, कारण दसऱ्याला झेंडू विकून झाला की त्या जरा मोकळ्या असत.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं, आणि मी ती लांबवतोय हे मला कळतंय.

इंदूताईंचा रोजचा एक नेम होता. सकाळी दवाखाना उघडला की आधी आरसा पुसायचा. मग स्वतः खुर्चीत बसायचं, एक डोळा झाकून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग दुसरा झाकून. "सहा बाय सहा," म्हणजे नजर चोख, असं स्वतःलाच सांगून उठायचं. मी गॅलरीतून हे कितीदा पाहिलंय. "तुमचं वर्षातून एकदा, माझं रोज," असं त्या ऐटीत म्हणत. तक्ता त्यांना दिसत होता यात शंका नाही. शिवाय तो पाठही होता. पण तक्ता वाचला म्हणजे डोळे तपासले असं नसतं, हे आम्हा सगळ्यांना ज्यांनी शिकवलं त्याच रोज तक्ता वाचून निर्धास्त होत होत्या, आणि आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मधल्या काही वर्षांत त्यांचा स्वभाव बदलला असं लोक म्हणायला लागले. रस्त्यात बाजूनं कोणी हाक न मारता हसलं तर इंदूताई सरळ पुढे. "गर्व झालाय हल्ली," माझी बायको म्हणाली. दवाखान्यात कोणी बाजूनं चहाचा कप पुढे केला तर तो तसाच राहायचा. स्कूटरवाल्यांशी त्यांची रोज भांडणं. "हॉर्न न वाजवता अंगावर येतात मेले," हे त्यांचं पालुपद. पंचवटीच्या बोळांत स्कूटरवाले हॉर्न न वाजवता येतील यावर कोण विश्वास ठेवणार? पण आम्ही ठेवला. एकदा त्या केळीच्या गाडीवर आदळल्या आणि गाडी नो पार्किंगमध्ये उभी केल्याबद्दल त्यांनी केळीवाल्याला असं झापलं, की त्यानं माफी मागून वर दोन केळी दिली. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

मोठे डॉक्टर थकले आणि त्यांच्या सूनबाई दवाखाना बघायला लागल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी दसऱ्याच्या सुमारास एक नवीन यंत्र आणलं. कडेची नजर मोजायचं. पूर्वी त्यासाठी पेशंटला मोठ्या इस्पितळात पाठवावं लागे. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं ते यंत्र. त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठे बारीक प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. दाबलं की टिक्क असा आवाज येई.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई ठरल्याप्रमाणे आल्या. मी चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला गेलो होतो. वत्सलाबाईंची तपासणी झाली, मॅडम म्हणाल्या, छान, गेल्या वर्षीइतकीच आहे, काही वाढलं नाही. वत्सलाबाईंनी पिशवीतून उरलेला झेंडू काढून टेबलावर ठेवला. पण उठल्या नाहीत.

"बाई, राग मानू नका," त्या इंदूताईंना म्हणाल्या. "परवा तुम्ही माझ्या कोथिंबिरीवर पाय दिला. त्याच्या आधल्या दिवशी बी दिला. मला बी असंच व्हायचं, इथं यायच्या आधी. तुमचा दिवस कोणता हाय?"

"कोणाचा?"

"तुमचा. त्या कॅलेंडरावर."

आम्ही सगळ्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. बारा महिने लाल पेन्सिलीनं भरलेले होते. गुरुजी होते, मी होतो, बँकवाल्याची सासू होती. इंदूताई नव्हत्या.

"मला दिवस कशाला? मी रोज तक्ता वाचते," इंदूताई म्हणाल्या.

"तक्ता तर मला बी पाठ झालाय. तुम्हीच सांगता ना, तक्ता वाचून काय व्हत नाय?"

मॅडम फक्त म्हणाल्या, "बसता का, इंदूताई? पाच मिनिटं." मग इंदूताई, एवढंच ना, अशा थाटात पदर खोचून यंत्रासमोर बसल्या.

आम्ही बाहेर बाकावर होतो. टिक्क. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक टिक्क. पुन्हा शांतता. थोड्या वेळानं आतून इंदूताईंचा आवाज आला. "मॅडम, मशीन बिघडलंय. दिवे लागतच नाहीयेत. कंपनीच्या माणसाला बोलवा." मॅडम काहीतरी हळू बोलल्या. इंदूताई बाहेर आल्या त्या माझ्याकडे बोट दाखवतच. "दिलीपराव, तुम्ही क्वालिटीवाले ना? बसा आणि यात काय बिघाड आहे तो शोधून द्या."

मी बसलो. मला वाटत होतं, खरंच मनापासून वाटत होतं, की दिवे लागू नयेत. पण ते लागले. वर, खाली, कडेला, कोपऱ्यात. मी दाबत होतो आणि टिक्क, टिक्क, टिक्क असं चाललं होतं. इंदूताई माझ्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. काही वेळ मी मुद्दाम बटण दाबायचं सोडून दिलं. मागून त्या म्हणाल्या, "लबाडी नको." मग मी दिसेल तेवढं सगळं दाबलं. कारखान्यात मी हजारो यंत्रं पास केली, पण त्या दिवशी "मशीन बरोबर आहे, इंदूताई," एवढं मी त्या वाडग्यातून तोंड बाहेर न काढताच म्हणालो.

त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून पेशंटच्या जागी बसल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "माझा फॉर्म भरा." मॅडमनी फॉर्म घेतला. तो त्यांनी कधी भरला नव्हता, नेहमी इंदूताईच भरत, म्हणून प्रश्नही इंदूताईच विचारत गेल्या आणि उत्तरंही देत गेल्या. "साखर? नाही. रक्तदाब? थोडा. घरात कोणाला काचबिंदू?" इथे त्या थांबल्या. "लिहा, वडिलांना. शेवटी त्यांना काही दिसत नव्हतं. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो."

डाव्या डोळ्याची कडेची नजर बहुतेक गेली होती. उजव्याची अर्धी शिल्लक होती. मॅडम समजावून सांगत होत्या, की उरलेली थेंबांनी टिकेल, पण दोन वर्षं आधी कळलं असतं तर. इंदूताईंनी हात वर केला. "हे वाक्य मी लोकांना सांगते. मला नका सांगू." आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. वत्सलाबाईंनी उठून त्यांना जवळ घेतलं, पण बाजूनं नाही, अगदी समोर जाऊन. त्यांना ते माहीत होतं.

मला आजही स्वतःचा राग येतो. कारखान्यात ज्या मास्टर गेजनं बाकीची यंत्रं तपासतात त्यालाही तारीख असते. सगळ्यात आधी त्यालाच असते. हे मला पोटापाण्यामुळे माहीत होतं आणि तरी समोरच्या गॅलरीत बसून मी वर्षानुवर्षं त्यांना आरशासमोर सहा बाय सहा म्हणताना बघत राहिलो. त्या केळीच्या गाडीवर आदळल्या तेव्हा मी हसलो होतो.

त्या संध्याकाळी वत्सलाबाईंनी कॅलेंडरवर आपल्या नावाखाली इंदूताईंचं नाव लिहायला मला सांगितलं. "दोघी एकाच दिवशी येऊ. मी घेऊन येईन यांना." दुसऱ्या दिवसापासून इंदूताई भाजीला गेल्या की वत्सलाबाई टोपलीवर कापड टाकून विचारायच्या, "थेंब घातले?" नाही म्हटलं की मेथी मिळायची नाही. मागच्या गिऱ्हाइकांसमोर इंदूताईंची मान मागे व्हायची आणि थेंब पडायचे. इंदूताई मिटल्या डोळ्यांनी म्हणायच्या, "दोन नाही, एकच थेंब. मीच शिकवलंय तुला." वत्सलाबाई म्हणायच्या, "गप बसा, पाच मिनटं."

वर्षभरानं इंदूताईंनी काम सोडलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, धाकटी बहीण सटाण्याला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. तिथे जाऊन काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कांद्याच्या मार्केटात माणसं कमी आहेत का? सगळ्यांना डोळे असतात." जायचा दिवस नेमका रथसप्तमीचा निघाला. निमाणीच्या स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो. बॅगा वर चढवून दिल्या. त्यांना अगदी पुढची, ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली. मी खाली उतरून त्यांच्या खिडकीशी उभा राहिलो आणि हात केला. त्या समोर बघत होत्या. मी पुन्हा हात केला. मग माझ्या लक्षात आलं आणि मी बसच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

बस मागे जायला लागली. काचेतून इंदूताई दिसत होत्या, आणि बस जशी मागे सरकली तशा थोड्या लांब, थोड्या लांब गेल्या. बरोबर सहा मीटर अंतर झालं असावं तेव्हा मी तीन बोटं वर केली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तीन बोटं वर केली. मी खाली केली. त्यांनी खाली केली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ काका, गाडी मी मागं घेतोय, तुम्ही नका इशारे करू, ड्रायव्हर गोंधळतोय." मी गोदावरीच्या बाजूला बोटं धरली. त्यांनी एका हातानं डावा डोळा झाकला, मग डाव्याचीही पाळी असते हे आठवल्यासारखा तो उघडून उजवा झाकला, आणि बोटं गोदावरीकडेच धरली. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी डोळ्याला हात लावला आणि मान डोलावली. उद्याचा माझा दिवस त्यांना पाठ होता.

बस वळली आणि काच बाजूला गेली. तोवरची त्यांची सगळी उत्तरं बरोबर होती.